मांजराचा मधुमेह: सुरक्षित आणि परवडणारे उपचार कसे निवडायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मांजराला मधुमेह झाल्याचं कळलं की पहिल्या आठवड्यातच बरंच काही ठरवावं लागतं: कोणतं औषध, कोणती सिरिंज, कोणतं खाणं, साखर कुठे आणि किती वेळा तपासायची. यांतल्या काही गोष्टींत पैसे वाचवले तरी मांजराचं काही बिघडत नाही. काही गोष्टींत वाचवलेले पैसे मात्र पुढे तातडीच्या उपचारांत कितीतरी पटीने जातात. कुठे हात आखडायचा आणि कुठे नाही, हे खालच्या उत्तरांत आहे. साखरेचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. तुमचा मीटर मिलिमोल दाखवत असेल तर येणाऱ्या आकड्याला १८ ने गुणा.

साखर ३०० च्या वर आली. म्हणजे मधुमेह नक्की ना?

नाही. दवाखान्यात घाबरलेल्या निरोगी मांजराची साखरही तेवढ्या वेळापुरती ३०० च्या पलीकडे जाऊ शकते. म्हणून एका आकड्यावर इन्सुलिन सुरू करू नये. दोन गोष्टी बघाव्या लागतात. पहिली म्हणजे लक्षणं: पाणी खूप पिणं, लिटर ट्रेमध्ये लघवीचे मोठाले गोळे, भूक वाढूनही वजन घटणं, कधीकधी मागच्या पायांचे घोटे जमिनीला टेकवत चालणं. दुसरी म्हणजे फ्रुक्टोसामीन ही रक्ततपासणी. तिच्यात मागच्या एक-दोन आठवड्यांतल्या साखरेचा अंदाज येतो आणि त्या दिवशीच्या भीतीचा तिच्यावर परिणाम होत नाही.

घरी धरलेल्या लघवीत साखर सापडली तर तोही चांगला पुरावा आहे. मांजराच्या रक्तातली साखर साधारण २५० ते ३०० च्या वर काही काळ राहिली की ती लघवीत उतरते. चार किलोचं मांजर दिवसाला ४०० मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी पीत असेल तर ते नक्कीच जास्त आहे. सकाळी भांड्यात मोजून पाणी ओता आणि दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजा. या तपासणीला काहीच खर्च नाही आणि पुढे उपचार लागू पडतोय का हेही तीच सांगते.

निदानाच्या वेळी त्याच रक्तात मूत्रपिंड, यकृत आणि थायरॉइडही बघून घ्यावं, शिवाय लघवीतला जंतुसंसर्ग आणि दातही. कुजलेला दात किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग तसाच राहिला तर इन्सुलिन नीट लागू पडत नाही आणि डोस उगाच वाढत जातो.

गोळ्यांवर भागणार नाही का? इंजेक्शनची भीती वाटते.

माणसांच्या मधुमेहाच्या स्वस्त गोळ्या मांजराच्या बाबतीत बहुधा निराशा करतात. ग्लिपिझाइड थोड्याच मांजरांना लागू पडतं, त्याने उलट्या आणि कावीळ होऊ शकते, आणि दमलेल्या स्वादुपिंडाला ते आणखी पिळून काढतं. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर आटोक्यात येत नाही. यात गेलेले महिने परत मिळत नाहीत, कारण मधुमेह मागे हटून औषध बंद होण्याची शक्यता सुरुवातीच्या काही महिन्यांतच सर्वांत जास्त असते.

नवी तोंडाने द्यायची औषधं वेगळी आहेत. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिनला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये वेलाग्लिफ्लोझिनला मांजरांसाठी मंजुरी मिळाली. पहिली १५ मिलिग्रॅमची गोळी आहे, किमान ३ किलो वजनाच्या मांजराला दिवसातून एकदा. दुसरं पातळ औषध आहे, दर किलोला १ मिलिग्रॅम, तेही दिवसातून एकदाच. दोन्ही औषधं मूत्रपिंडातून साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. सुई नाही, आणि साखर फार खाली जाण्याची भीतीही कमी.

मग सगळ्यांना तीच का देत नाहीत?

ही औषधं साखर बाहेर टाकतात, पण इन्सुलिन पुरवत नाहीत. मांजराच्या स्वतःच्या शरीरात पुरेसं इन्सुलिन बनत नसेल तर शरीर चरबी जाळायला लागतं, रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) साचतात आणि जिवावर बेततं. यातला खरा धोका असा की त्या वेळी ग्लुकोमीटर १५० दाखवत असतो, त्यामुळे घरच्यांना सगळं छान चाललंय असंच वाटतं.

म्हणून ज्या मांजराला आधी इन्सुलिन दिलं गेलंय, जे खात नाही, मरगळलेलं आहे, उलट्या करतंय, ज्याच्या अंगात पाणी कमी आहे, ज्याला स्वादुपिंडाची सूज किंवा यकृताचा त्रास आहे, किंवा ज्याच्या रक्तात-लघवीत कीटोन आहेत, त्याला ही औषधं देऊ नयेत. नव्याने निदान झालेलं, खातंपितं, चपळ मांजर असेल तर विचार करता येतो. पहिले दोन आठवडे कीटोन वारंवार तपासावे लागतात. मांजराने एक दिवस खाणं टाकलं, तर औषध थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, मग साखर कितीही चांगली दिसो. लघवीची साखरेची पट्टी इथे उपयोगाची नाही, कारण औषध चालू असताना लघवीत साखर येणारच.

कोणतं इन्सुलिन घ्यावं?

मांजरांसाठी मुख्यतः तीन प्रकार वापरले जातात: ग्लार्जिन, प्रोटामाइन झिंक आणि लेंटे. ग्लार्जिन माणसांचं आहे, दर मिलिलिटरला १०० युनिट. बाकीची दोन प्राण्यांसाठी मिळतात, दर मिलिलिटरला ४० युनिट. लेंटेचा परिणाम मांजरात अनेकदा आठ-दहा तासांतच ओसरतो, त्यामुळे दोन डोसांच्या मध्ये साखर पुन्हा चढते. ग्लार्जिन आणि प्रोटामाइन झिंक जास्त सपाट आणि लांब चालतात. माणसांचं एनपीएच इन्सुलिन सर्वांत स्वस्त असलं तरी मांजरात ते फार लवकर संपतं आणि साखर झोके खाते. दुसरं काहीच मिळत नसेल तरच ते घ्यावं.

आमचं मत स्पष्ट आहे: बहुतेक मांजरांसाठी ग्लार्जिन, कमी कर्बोदकांचं ओलं खाणं आणि घरचा ग्लुकोमीटर ही तिन्ही मिळून सर्वांत सुरक्षित आणि बहुधा सर्वांत परवडणारी निवड आहे. मूळ ब्रँडच हवा असं नाही. ग्लार्जिनची बायोसिमिलर रूपं, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेली तशीच इन्सुलिनं, स्वस्त पडतात आणि चालतात. फक्त मध्येच ब्रँड बदलला तर पहिला आठवडा साखर जास्त वेळा तपासा.

बाटली घ्यावी की इन्सुलिन टोचायच्या पेनमध्ये बसणारी कार्ट्रिज (छोटी नळी)?

इथे बेरीज-वजाबाकी करून बघण्यासारखी आहे. एक युनिट सकाळी, एक संध्याकाळी, म्हणजे महिन्याला ६० युनिट. १० मिलिलिटरच्या बाटलीत १००० युनिट असतात, म्हणजे सोळा महिन्यांचा साठा. तो त्याआधीच निकामी होऊन फेकावा लागतो. ३ मिलिलिटरच्या कार्ट्रिजमध्ये ३०० युनिट, म्हणजे पाच महिने. दर युनिटला कार्ट्रिज महाग दिसते, पण फेकून द्यावं लागणारं इन्सुलिन धरलं तर तीच स्वस्त.

पेनने टोचताना आणखी एक अडचण येते. दर वेळी आधी दोन युनिट हवेत सोडून पेन तपासायचं असतं, म्हणजे मांजराच्या डोसापेक्षा जास्त इन्सुलिन वाया. शिवाय बऱ्याच पेनांवर अर्धं युनिट लावता येत नाही. म्हणून अनेक पशुवैद्य कार्ट्रिजच्या रबरातून बारीक सिरिंजने इन्सुलिन काढायला शिकवतात. तसं करायचं असेल तर आत हवा भरू नका, आणि ती कार्ट्रिज पुन्हा पेनात घालून वापरू नका, कारण मग पेनचं माप भरवशाचं राहत नाही.

एक सक्त सूचना: ग्लार्जिन दर मिलिलिटरला ३०० युनिट अशा तीव्रतेचंही मिळतं. ते सिरिंजने कधीही काढू नका. नेहमीच्या सिरिंजवर एक युनिटच्या रेघेपर्यंत भरलं तर मांजराला तीन युनिट जातील.

सिरिंज कोणतीही चालते का?

अजिबात नाही. घरी होणाऱ्या चुकांत ही सर्वांत घातक. ४० युनिटच्या इन्सुलिनला यू-४० सिरिंज, जिचं टोपण बहुधा लाल असतं. १०० युनिटच्या इन्सुलिनला यू-१०० सिरिंज, बहुधा केशरी टोपणाची. टोपणाच्या रंगावर विसंबू नका, नळीवरचं छापील वाचा. ग्लार्जिन चुकून यू-४० सिरिंजमध्ये एकच्या रेघेपर्यंत भरलं तर मांजराला अडीच युनिट जातात. उलट केलं तर एक युनिटऐवजी ०.४ युनिटच जातं, साखर उतरत नाही आणि सगळे औषधाला दोष देत बसतात.

यू-१०० मध्ये ०.३ मिलिलिटरची, अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली सिरिंज मागा. १ मिलिलिटरच्या सिरिंजवर एक युनिट म्हणजे जेमतेम केसभर जागा. तिथे हात जरा हलला की डोस दीडपट. सुई ३० किंवा ३१ गेजची असली की मांजराला फारसं जाणवत नाही. एक सिरिंज एकदाच वापरा. दुसऱ्यांदा टोक बोथट होतं, दुखतं, आणि एकदा दुखलं की मांजर पुढच्या वेळी पळतं. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाका आणि डबा भरला की दवाखान्यात द्या.

सुरुवातीचा डोस किती असतो?

तो पशुवैद्यानेच ठरवायचा. साधारण हिशोब दर किलोला ०.२५ ते ०.५ युनिट, दर बारा तासांनी. वजन मांजराच्या योग्य बांध्याचं धरतात, लठ्ठपणाचं नाही. बहुतेक मांजरांत हे एका वेळेला एक युनिटच्या आसपास येतं, आणि सुरुवातीला दोनच्या वर जात नाहीत. डोस बदलला की शरीर स्थिरावायला पाच ते सात दिवस द्या, आणि वाढ अर्ध्या युनिटचीच करा. रोजच्या आकड्यांमागे धावत डोस खालीवर करणं हा नुकसान करून घेण्याचा हमखास मार्ग आहे.

इंजेक्शन कसं द्यायचं?

मांजर खात असताना द्या, म्हणजे ते खातंय हेही दिसतं. ग्लार्जिन हलवायचं नाही, ते पाण्यासारखं स्वच्छ असायला हवं. प्रोटामाइन झिंक हाताच्या तळव्यांमध्ये हळू फिरवून एकसारखं दुधाळ करायचं. लेंटे कंपनीने सांगितल्याप्रमाणे हलवून घ्यायचं.

डोस भरा, बुडबुडा असेल तर सिरिंजवर टिचकी मारून बाहेर काढा. एवढ्या छोट्या डोसात बुडबुडा बरीच जागा खातो. मग बरगड्यांच्या बाजूची किंवा कुशीची कातडी अंगठा आणि दोन बोटांनी उचला. खाली छोटा तंबू तयार होतो, त्याच्या पायथ्याशी अंगाला जवळपास समांतर सुई आत घाला आणि दट्ट्या दाबा. मानेमागची सैल कातडी सोपी वाटते, पण तिथे रक्तपुरवठा कमी असल्याने इन्सुलिन उशिरा शोषलं जातं. जागा रोज थोडी बदला.

सुई काढल्यावर केसांवरून बोट फिरवा. ओलं लागलं, इन्सुलिनचा औषधी वास आला, तर सुई तंबूच्या पलीकडून बाहेर निघाली होती. अशा वेळी पुन्हा डोस देऊ नका. किती आत गेलं ते कळायला मार्ग नसतो. एक वेळ साखर जास्त राहिली तर चालतं, दुप्पट डोस चालत नाही.

इन्सुलिन किती दिवस टिकतं?

२ ते ८ अंशांत, फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. दारात उष्णता बदलत राहते आणि मागच्या भिंतीला लागलं तर गोठतं. गोठलेलं इन्सुलिन वितळून पुन्हा साफ दिसलं तरी फेकायचं. ग्लार्जिनच्या पाकिटावर उघडल्यापासून २८ दिवस लिहिलेलं असतं. ती मुदत माणसांच्या, फ्रिजबाहेरच्या वापराचाही विचार करून ठरवलेली आहे. सतत फ्रिजमध्ये ठेवलेलं ग्लार्जिन पशुवैद्य अनेकदा त्यापुढेही वापरू देतात, मात्र ते गढूळ झालं, कण दिसले, किंवा डोस तोच असून साखर चढायला लागली की लगेच बदलायचं. उघडल्याची तारीख बाटलीवर पेनने लिहून ठेवा.

घरी साखर कशी तपासायची? माणसांचा ग्लुकोमीटर चालेल?

कानाच्या कडेने एक बारीक शीर जाते. ती आणि कानाची कड यांच्यामधल्या पट्ट्यात टोचायचं असतं. आधी कोमट पाण्यात पिळलेला कपडा अर्धं मिनिट कानाला लावा. थंड कानातून रक्त येत नाही, बहुतेकांचा पहिला प्रयत्न फसतो तो याचमुळे. कानामागे दुमडलेला कापूस धरा, म्हणजे तुमच्या बोटाला टोचणार नाही. व्हॅसलिनचा अगदी पातळ थर लावला की रक्त केसांत न पसरता थेंब धरतं. थेंबाला पट्टी टेकवा, मग कान अर्धं मिनिट दाबून धरा आणि मांजराला त्याचा आवडता मांसाचा तुकडा द्या. चार-पाच दिवसांत बरीच मांजरं तुकड्यासाठी स्वतःहून येऊन बसतात.

माणसांचा मीटर मांजरात खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो. रक्तातली साखर पेशी आणि द्रव यांत माणसात आणि मांजरात वेगवेगळ्या प्रमाणात वाटलेली असते, हे त्याचं कारण. मांजरांसाठी जुळवलेला मीटर जास्त अचूक, पण त्याच्या पट्ट्या महाग. परवडत नसेल तर माणसांचा मीटर वापरा. तो चुकतो ती सावधगिरीच्या बाजूला. मात्र मीटर एकच ठेवा आणि कोणता आहे ते पशुवैद्याला सांगा. पैसे मीटरवर नाही, पट्ट्यांवर जातात, म्हणून विकत घेण्याआधी पट्टीचा भाव विचारा.

कोणते आकडे चांगले?

दिवसातला सर्वांत खालचा आकडा, जो बहुधा इंजेक्शननंतर चार ते आठ तासांनी येतो, ८० ते १५० मध्ये असावा, आणि दिवसभर ३०० च्या वर फारसं जाऊ नये. पूर्ण चित्र हवं असेल तर बारा तास दर दोन तासांनी एकदा, तेही घरीच. रोज मात्र इंजेक्शनआधीचा एक आकडा आणि आठवड्यातून दोन-तीनदा मधला एक आकडा पुरतो. सुरुवातीच्या आठवड्यांत इंजेक्शनआधीच साखर २०० च्या खाली असेल तर आधी पशुवैद्याला विचारा, मग टोचा.

साखर फार खाली गेली तर?

६० च्या खाली धोका. झोकांड्या, थरथर, एकटक शून्यात बघणं, अचानक हपापून खाणं किंवा अगदी गळून जाणं, शेवटी झटके. मीटर हाताशी नसेल तर शोधत बसू नका, साखर द्या.

मांजर खाऊ शकत असेल तर लगेच खायला घाला. एरवी टाळायचं ते कोरडं खाणं या एका वेळी कामाचं आहे. खात नसेल तर मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी अर्धा ते एक चमचा, बोटाने हिरड्यांवर चोळा. झटके येत असतील किंवा शुद्ध नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, ते फुफ्फुसात जातं. हिरडीच्या बाहेरच्या बाजूला, दातांत बोट सापडणार नाही असं थोडंसं चोळा आणि तसेच दवाखान्यात निघा. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. मांजर सावरलं तरी तिथेच थांबू नका: मधाचा परिणाम लवकर ओसरतो, इन्सुलिनचा तासन्‌तास चालतो. पुढचा डोस पशुवैद्याशी बोलल्याशिवाय नाही.

मांजराने खाल्लं नाही, किंवा डोस चुकला. काय करू?

नेहमीच्या निम्मंच खाल्लं तर बहुधा अर्धा डोस, काहीच खाल्लं नाही किंवा उलटी झाली तर डोस नाही आणि पशुवैद्याला फोन. हा नियम आधीच ठरवून घ्या. चुकलेला डोस सोडून द्या, पुढचा दुप्पट करू नका. घरात दोघं जण इंजेक्शन देत असाल तर फ्रिजवर कागद लावून दर वेळी खूण करा. ‘तुम्ही दिलं की मी’ या गोंधळात दुहेरी डोस जातात.

खाण्याचं काय? ‘डायबेटिक’ लिहिलेलंच महाग खाणं घ्यावं लागतं का?

नाही. हवं ते भरपूर प्रथिनं आणि कमी कर्बोदकांचं, शक्यतो ओलं खाणं. कर्बोदकांतून येणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १२ टक्क्यांच्या आत असावी. पाकिटावर हा आकडा नसतो, पण काढता येतो. १०० मधून प्रथिनं, स्निग्ध, तंतू, राख आणि पाणी वजा करा, उरतील ती कर्बोदकं. मग प्रथिनं आणि कर्बोदकांना ३.५ ने, स्निग्धाला ८.५ ने गुणा.

एका ओल्या डब्यावर प्रथिनं १०, स्निग्ध ५, तंतू १, राख २, पाणी ८० असं असेल तर कर्बोदकं २. ऊर्जा ३५ अधिक ४२.५ अधिक ७, म्हणजे ८४.५. त्यात कर्बोदकांच्या ७ चा वाटा सुमारे ८ टक्के. चालेल. एका कोरड्या खाण्यात प्रथिनं ३२, स्निग्ध १२, तंतू ४, राख ८, पाणी ९ असेल तर कर्बोदकं ३५, आणि ऊर्जेतला वाटा सुमारे ३६ टक्के. ‘धान्यविरहित’ लिहिलेल्या खाण्यातही बटाटा-वाटाणा भरून हा आकडा असाच चढलेला सापडतो, म्हणून नावावर जाऊ नका.

इन्सुलिन चालू असताना खाणं एकाएकी बदलू नका. कर्बोदकं कमी झाली की इन्सुलिनची गरज झपाट्याने उतरते आणि जुना डोस जीवघेणा ठरू शकतो. सात ते दहा दिवसांत हळूहळू बदला आणि त्या काळात साखर रोज तपासा. मूत्रपिंडाचा आजारही असेल तर खाणं पशुवैद्याला विचारूनच ठरवा. लठ्ठ मांजराचं वजन आठवड्याला अर्धा ते एक टक्का उतरावं, सहा किलोच्या मांजराचं ३० ते ६० ग्रॅम. उपाशी ठेवून वजन उतरवू नका, यकृतात चरबी साचून मांजर दगावू शकतं.

डोस वाढतोय, पण साखर हलत नाही.

आधी स्वस्त कारणं तपासा: सिरिंज जुळते का, इन्सुलिन जुनं तर नाही, सुई आरपार जात नाही ना, घरातलं कुणी चोरून खाऊ घालत नाही ना, किंवा ते दुसऱ्या मांजराच्या ताटातलं खात नाही ना. मग दात, लघवीचा संसर्ग, स्वादुपिंडाची सूज. खाज किंवा दम्यासाठी स्टिरॉइड दिलंय का, तेही आठवा. लांब पल्ल्याचं एक इंजेक्शन कित्येक आठवडे साखर चढवून ठेवतं. एवढं करूनही डोस दर किलोला दीड युनिटच्या पुढे जात असेल तर मेंदूतल्या पियूष ग्रंथीचा विकार, म्हणजे वाढ-संप्रेरक जास्त बनणं, बघायला हवं. त्यासाठी आयजीएफ-१ ही रक्ततपासणी असते.

इन्सुलिन कधी बंद होऊ शकतं का?

हो, आणि माणसांच्या मानाने मांजरांत हे बरंच दिसतं. लवकर सुरुवात, ग्लार्जिनसारखं लांब चालणारं इन्सुलिन आणि कमी कर्बोदकांचं खाणं या तिन्हींनी शक्यता वाढते. साखर सतत चांगली राहू लागली की डोस अर्ध्या-अर्ध्या युनिटने उतरवत आणतात आणि मग थांबवतात. पुढेही आठवड्यातून एकदा साखर तपासा, खाणं तेच ठेवा, आणि कोणत्याही नव्या डॉक्टरला स्टिरॉइड टोचण्याआधी जुना मधुमेह सांगा.

एवढं सगळं झेपणारं नसेल तर?

तसं पशुवैद्याला मोकळेपणाने सांगा. उपचार कमी खर्चात बसवता येतात, आणि काहीच न करण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं. अशा वेळी लक्ष्य सैल ठेवतात: साखर थोडी जास्त राहिली तरी चालेल, पण मांजराने खावं, वजन धरावं, अंग चाटून स्वच्छ ठेवावं आणि पाणी कमी प्यावं. ठरावीक छोटा डोस, कमी कर्बोदकांचं साधं ओलं खाणं, दर रविवारी वजन, रोज पाण्याचं माप, आणि लघवीच्या कीटोनपट्ट्यांची एक डबी. दिवसातून दोनदा टोचणं अशक्यच असेल तर ग्लार्जिन एकदा दिल्यानेही बऱ्याच मांजरांची तहान आणि अशक्तपणा कमी होतो. पट्टीवर कीटोन दिसले, श्वासाला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास आला, किंवा मांजर उलट्या करत कोपऱ्यात पडून राहिलं, तर मात्र सकाळची वाट बघू नका. लगेच दवाखाना गाठा.